हॅलोवीनशी संबंधित समस्या

हॅलोवीन हा ३१ ऑक्टोबर रोजी साजरा होणारा पाश्चात्त्य सण आहे. आयर्लंड, ब्रिटन, अमेरिका व कॅनडा या देशांत तो विशेष लोकप्रिय असून अलीकडच्या काळात जपान, दक्षिण कोरिया आणि अन्य आशियाई देशांतील शहरांमध्येही त्याचा प्रसार झाला आहे. वेषांतर, भुताखेतांची सजावट, कोरलेले भोपळे आणि दारोदार फिरून गोड खाऊ मागणारी मुले ही या सणाची ओळख होय. मात्र याच काळात रस्त्यांवरील अपघात, जाळपोळ, गर्दीतील दुर्घटना, आरोग्यविषयक तक्रारी आणि सामाजिक वाद यांचेही प्रसंग उद्भवतात. यांपैकी काही धोके प्रत्यक्षातील आहेत, तर काही धोक्यांची भीती वस्तुस्थितीपेक्षा कितीतरी मोठी आहे. या दोहोंतील फरक हा हॅलोवीनच्या सामाजिक अभ्यासातील एक महत्त्वाचा विषय मानला जातो.

पार्श्वभूमी

हॅलोवीनचे मूळ सामान्यतः केल्टिक लोकांच्या सॅमहेन या हंगामबदलाच्या सणात आणि ख्रिस्ती परंपरेतील सर्व संतांच्या दिवसाच्या पूर्वसंध्येत शोधले जाते. एकोणिसाव्या शतकात आयरिश व स्कॉटिश स्थलांतरितांबरोबर ही प्रथा उत्तर अमेरिकेत पोहोचली. तेथे तिचे सुरुवातीचे स्वरूप खाऊ मागण्याचे नसून खोड्या काढण्याचे होते. फाटके उचकटून नेणे, गाड्या भलत्याच ठिकाणी नेऊन ठेवणे, गुरे मोकळी सोडणे असे प्रकार किशोरवयीन मुले करीत. शहरे वाढली तशा या खोड्याही अधिक विध्वंसक झाल्या. काचा फोडणे, रस्त्यावरील दिव्यांची नासधूस करणे आणि वाहतुकीत अडथळे आणणे यांमुळे १९३० च्या दशकातील मंदीच्या काळात अनेक नगरप्रशासने त्रस्त झाली होती.

या उपद्रवावर दंडापेक्षा मनोरंजनाचा उपाय अधिक प्रभावी ठरला. मिनेसोटा राज्यातील अनोका या गावाने मुलांना खोड्यांपासून परावृत्त करण्यासाठी १९२० मध्ये हॅलोवीनची सार्वजनिक मिरवणूक सुरू केली. पुढे ‘ट्रिक ऑर ट्रीट’, म्हणजे ‘खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू’, या प्रथेचा प्रसारही काही अंशी याच हेतूने झाला. दुसऱ्या महायुद्धातील साखरेचे नियंत्रण उठल्यानंतर ही प्रथा अमेरिकेत सर्वत्र रूढ झाली. आज सुरक्षिततेच्या दृष्टीने चिंतेचा विषय ठरलेली ही प्रथा अशा रीतीने एकेकाळी उपद्रवावरील तोडगा म्हणून पुढे आली होती.

रस्त्यावरील अपघात

हॅलोवीनच्या संध्याकाळी मुलांना असलेला सर्वांत मोठा धोका वाहनांचा आहे. अमेरिकेतील १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांतील प्राणघातक अपघातांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये बालवैद्यकविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी ५ ते मध्यरात्रीपर्यंतच्या अपघातांची तुलना एक आठवडा आधीच्या व एक आठवडा नंतरच्या त्याच वेळेतील अपघातांशी केली होती. ४२ हॅलोवीन संध्याकाळी ६०८ पादचारी मृत्युमुखी पडले, तर तुलनेसाठी घेतलेल्या ८४ संध्याकाळी ही संख्या ८५१ होती. म्हणजेच पादचाऱ्याच्या मृत्यूची जोखीम हॅलोवीनला सुमारे ४३ टक्क्यांनी अधिक आढळली. ४ ते ८ वर्षे वयोगटातील मुलांच्या बाबतीत ती सुमारे दहापट होती.

यामागील कारणे साधी आहेत. ऑक्टोबरच्या अखेरीस उत्तर गोलार्धात दिवस लहान झालेला असतो. मुले गडद रंगाचे वेष घालतात, मुखवट्यामुळे त्यांना आजूबाजूचे नीट दिसत नाही, लांब झग्यांत पाय अडकतो आणि एका घराकडून समोरच्या घराकडे धावताना ती कोठेही रस्ता ओलांडतात. त्याच वेळी प्रौढांच्या मेजवान्यांतून मद्यप्राशन करून परतणारे चालक रस्त्यावर असतात. अमेरिकेत २००७ पासून उन्हाळी वेळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत लांबविण्यात आली, त्यामुळे हॅलोवीनच्या संध्याकाळी घड्याळाप्रमाणे एक तास अधिक उजेड मिळतो. प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या वेषावर लावणे, मुखवट्याऐवजी चेहरा रंगविणे, लहान मुलांसोबत मोठ्यांनी जाणे आणि निवासी भागांतील रस्ते त्या संध्याकाळपुरते वाहनांसाठी बंद ठेवणे हे उपाय सुचविले जातात.

विषारी खाऊची भीती

अनोळखी माणसे मुलांच्या खाऊत विष, सुया किंवा दाढीची पाती मिसळतात, ही हॅलोवीनविषयीची सर्वाधिक प्रसिद्ध भीती आहे. तिला आधार ठरलेल्या काही घटना प्रत्यक्ष घडल्या. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातील एका दंतवैद्याने मुलांना रेचकाच्या गोळ्या वाटल्या. १९६४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका गृहिणीने आपल्या मते वयाने मोठ्या असलेल्या मुलांना ‘थट्टा’ म्हणून कुत्र्याची बिस्किटे, पोलादी तारेचा चोथा आणि मुंग्या मारण्याच्या विषाच्या गोळ्या दिल्या. १९७० मध्ये डेट्रॉइट येथे पाच वर्षांच्या एका मुलाचा हेरॉइनमुळे मृत्यू झाला आणि प्रथम त्याचा दोष हॅलोवीनच्या खाऊला देण्यात आला. ते अमली द्रव्य नातेवाइकाच्या घरातील असल्याचे नंतर स्पष्ट झाले.

या भीतीला सर्वाधिक बळ १९७४ मधील घटनेने दिले. टेक्सास राज्यातील डीअर पार्क येथे आठ वर्षांचा एक मुलगा सायनाइड मिसळलेली गोड पूड खाल्ल्याने मरण पावला. तपासात तो खाऊ कोणा अनोळखी व्यक्तीने नव्हे, तर मुलाचे वडील रोनाल्ड क्लार्क ओब्रायन यांनीच विम्याच्या रकमेसाठी दिला होता, असे निष्पन्न झाले. संशय अन्यत्र जावा म्हणून त्यांनी अशीच पूड आपल्या मुलीला आणि अन्य मुलांनाही दिली होती. सुदैवाने त्यांपैकी कोणी ती खाल्ली नाही. ओब्रायन यांना १९८४ मध्ये देहान्ताची शिक्षा देण्यात आली. खाऊत विष घालणाऱ्या अनोळखी माणसाविषयीची लोकसमजूत गुन्हा लपविण्यासाठी वापरली गेल्याचे हे उदाहरण म्हणून अभ्यासकांनी नोंदविले आहे.

१९८२ मध्ये शिकागो परिसरात वेदनाशामक टायलेनॉलच्या कुप्यांत सायनाइड मिसळले गेल्याने सात जणांचा मृत्यू झाला. ही घटना हॅलोवीनच्या महिनाभर आधीची असल्याने त्या वर्षी अनेक ठिकाणी मुलांच्या दारोदार फिरण्यावर निर्बंध आले. काही रुग्णालयांनी मुलांचा खाऊ क्ष-किरणांनी तपासून देण्याची सोय केली.

समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या वृत्तपत्रीय बातम्या तपासून १९८५ मध्ये जेराल्ड होरिउची यांच्यासह आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. दारोदार फिरताना अनोळखी व्यक्तीने सरसकट वाटलेल्या भेसळयुक्त खाऊमुळे मुलाचा मृत्यू झाल्याची किंवा त्याला गंभीर इजा झाल्याची एकही खात्रीशीर घटना त्यांना आढळली नाही. बहुतेक तक्रारी मुलांनी स्वतःच केलेल्या बनावाच्या होत्या. बेस्ट यांच्या मते बदलत्या शेजाराविषयीची अस्वस्थता आणि मुलांच्या सुरक्षिततेची काळजी यांना या दंतकथेतून वाट मिळते. २००० मध्ये मिनियापोलिस येथे एका व्यक्तीने चॉकलेटांत सुया घातल्याचा प्रकार घडला. तथापि त्यात कोणालाही वैद्यकीय उपचारांची गरज भासली नाही. पालकांचे लक्ष खाऊच्या तपासणीकडे आणि प्रत्यक्ष हानी रस्त्यावर, हा विरोधाभास त्यामुळेच अधोरेखित केला जातो.

जाळपोळ आणि नासधूस

अमेरिकेच्या काही भागांत ३० ऑक्टोबरची रात्र खोड्यांसाठी ओळखली जाते. मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहरात ती ‘डेव्हिल्स नाइट’ म्हणजे ‘सैतानाची रात्र’ या नावाने कुप्रसिद्ध झाली. मोटारउद्योगाची घसरण आणि मोठ्या प्रमाणावरील स्थलांतर यांमुळे १९५० मध्ये सुमारे १८.५ लाख असलेली शहराची लोकसंख्या १९९० पर्यंत सुमारे १०.३ लाखांवर आली. हजारो घरे ओस पडली आणि ती पेटवून देण्याचे प्रकार वाढले. १९८४ मध्ये हॅलोवीनच्या सुमारास तीन दिवसांत आठशेहून अधिक आगी लागल्या. ज्यांना शहर सोडणे परवडत नव्हते, अशा रहिवाशांना या रात्री आपल्या घराशेजारील रिकाम्या वास्तूवर पहारा देत जागून काढाव्या लागत.

१९९५ मध्ये महापौर डेनिस आर्चर यांच्या कारकिर्दीत ‘एंजल्स नाइट’ म्हणजे ‘देवदूतांची रात्र’ हा उपक्रम सुरू झाला. हजारो स्वयंसेवक रात्रभर गस्त घालू लागले आणि किशोरवयीन मुलांवर संचारबंदी लागू करण्यात आली. आगींचे प्रमाण लक्षणीय घटल्यानंतर पुढे हा उपक्रम थांबवून त्याऐवजी मुलांसाठी परिसरातील कार्यक्रम भरविण्यास सुरुवात झाली. न्यू जर्सी राज्यातील कॅम्डेन येथे १९९१ मध्ये अशाच रात्री शंभराहून अधिक आगी लागल्या होत्या. स्कॉटलंडमधील डंडी शहराच्या कर्कटन भागात ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी तरुणांच्या जमावाने रस्त्यावर आगी लावल्या व मालमत्तेचे नुकसान केले.

गर्दीतील दुर्घटना

हॅलोवीनशी निगडित सर्वांत मोठी जीवितहानी २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथील इतेवॉन भागात झाली. कोविड-१९ साथीतील निर्बंध शिथिल झाल्यानंतरचा हा पहिलाच मोठा हॅलोवीन असल्याने तेथे सुमारे एक लाख लोक आले होते. उपाहारगृहांचा मुख्य रस्ता आणि भुयारी रेल्वेस्थानकाजवळचा हमरस्ता यांना जोडणाऱ्या एका उतरत्या गल्लीत दोन्ही बाजूंनी माणसे शिरली. ही गल्ली सुमारे ४० मीटर लांब आणि चिंचोळ्या भागात अवघी ३.२ मीटर रुंद होती. या दुर्घटनेतील मृतांची संख्या १५९ निश्चित करण्यात आली. त्यांपैकी २६ जण परदेशी नागरिक होते. बहुतेक मृत विशी-तिशीतील होते आणि त्यांत स्त्रियांची संख्या अधिक होती. दुर्घटनेतून वाचलेल्या, परंतु नंतर आत्महत्या केलेल्या एका विद्यार्थ्याचाही या संख्येत समावेश आहे.

अशा दुर्घटनांना ‘चेंगराचेंगरी’ म्हटले जात असले, तरी येथील मृत्यू मुख्यतः पायाखाली तुडविले गेल्याने झालेले नव्हते. गर्दीची घनता अतिशय वाढली की छातीवर चहूबाजूंनी दाब येतो, फुप्फुसांना प्रसरण पावण्यास जागा उरत नाही आणि माणूस उभ्याउभ्याही गुदमरू शकतो. मागच्यांना पुढची स्थिती दिसत नसल्याने दाब वाढतच जातो.

पोलिसांना धोक्याची सूचना देणारा पहिला दूरध्वनी सायंकाळी ६ वाजून ३४ मिनिटांनी, म्हणजे दुर्घटनेपूर्वी साडेतीन तासांहून अधिक आधी आला होता. त्यानंतरही असे दूरध्वनी येत राहिले. दुर्घटनेपूर्वी आलेल्या अकरा दूरध्वनींपैकी केवळ चारच वेळा पोलीस घटनास्थळी पाठविण्यात आले. कार्यक्रमाला अधिकृत आयोजक नसल्याने गर्दीनियंत्रणाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न चर्चेच्या केंद्रस्थानी आला. मृतांच्या कुटुंबीयांनी स्वतंत्र चौकशीसाठी दीर्घकाळ आंदोलन केले आणि त्यासाठीचा विशेष कायदा मे २०२४ मध्ये संमत झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने योंगसान भागाच्या तत्कालीन पोलीसप्रमुखांना निष्काळजीपणाबद्दल तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. त्या भागाच्या नागरी प्रशासनप्रमुखांची मात्र निर्दोष मुक्तता झाली.

टोकियोतील शिबुया चौकात २०१८ च्या हॅलोवीनपूर्वी जमावाने एक छोटा मालवाहू ट्रक उलटविला. त्यानंतर २०१९ मध्ये तेथे या काळात रस्त्यावर मद्यपान करण्यास बंदी घालण्यात आली. इतेवॉनच्या दुर्घटनेनंतर, २०२३ मध्ये, शिबुयाच्या महापौरांनी हॅलोवीनसाठी येथे येऊ नये असे जाहीर आवाहन केले. ऑक्टोबर २०२४ पासून रात्रीच्या मद्यपानावरील ही बंदी वर्षभर लागू आहे.

आरोग्यविषयक धोके

खाऊतील शेंगदाणे, दूध, अंडी यांसारख्या घटकांमुळे अधिहर्षता म्हणजे अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना गंभीर त्रास होऊ शकतो. अशा मुलांना सणातून वगळले जाऊ नये म्हणून अमेरिकेत २०१४ पासून एक देशव्यापी उपक्रम चालविला जातो. त्यात सहभागी होणारी कुटुंबे दारात निळसर-हिरव्या रंगाचा भोपळा ठेवतात. त्या घरी खाऊऐवजी खेळणी किंवा अन्य वस्तू मिळतात, अशी ती खूण असते. ज्येष्ठमधाच्या अर्कापासून केलेल्या काळ्या गोळ्यांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला आहे. चाळीशीपुढील व्यक्तीने त्या रोज सुमारे ५७ ग्रॅम याप्रमाणे किमान दोन आठवडे खाल्ल्यास रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात.

शोभेसाठी डोळ्यांत घालावयाच्या रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स वैद्यकीय सल्ल्याविना वापरल्यास बुबुळाला इजा व जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो. अमेरिकेत २००५ पासून अशा सर्व लेन्स वैद्यकीय साधने गणल्या जातात. कोरलेल्या भोपळ्यांतील मेणबत्त्यांमुळे कृत्रिम धाग्यांचे वेष पेट घेण्याच्या घटना घडतात. म्हणून मेणबत्तीऐवजी विजेरीवर चालणारे दिवे सुचविले जातात. भोपळा कोरताना हाताला होणाऱ्या जखमाही नित्याच्या आहेत. चॉकलेटमधील थिओब्रोमिन हे द्रव्य कुत्र्यांना विषारी असल्याने पाळीव प्राण्यांपासून हा खाऊ दूर ठेवावा लागतो.

सामाजिक आणि पर्यावरणीय टीका

अन्य समाजांच्या पारंपरिक पोशाखांचा वेषांतरासाठी होणारा वापर हा वादाचा विषय आहे. २०११ मध्ये ओहायो विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या एका गटाने याविरुद्ध भित्तिपत्रकांची मोहीम चालविली. ‘आम्ही एक संस्कृती आहोत, वेष नव्हे’ असा तिचा आशय होता. २०१३ मध्ये ब्रिटनमधील दोन मोठ्या दुकानसाखळ्यांना मनोरुग्णांचे भीतिदायक चित्रण करणारे वेष टीकेनंतर विक्रीतून मागे घ्यावे लागले.

एकदाच वापरून टाकून दिले जाणारे प्लास्टिकयुक्त वेष आणि कचऱ्यात जाणारे भोपळे यांवरही आक्षेप घेतले जातात. कचराभूमीत प्राणवायूविना कुजणाऱ्या भोपळ्यांतून मिथेन वायू निर्माण होतो. त्यामुळे ते खाण्यासाठी अथवा खतासाठी वापरण्याचे आवाहन केले जाते. चॉकलेटची मागणी या काळात वाढत असल्याने कोको लागवडीतील बालमजुरीचा प्रश्नही पुढे येतो. ती संपविण्यासाठी उद्योगाने २००१ मध्ये हार्किन-एंगेल करार मान्य केला. तथापि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेच्या अहवालानुसार २०१८-१९ च्या हंगामात आयव्हरी कोस्ट व घाना या देशांतील सुमारे १५.६ लाख मुले कोको उत्पादनाशी संबंधित बालमजुरी करीत होती.

हेही पाहा

हॅलोवीन
सॅमहेन
दंतकथा
गर्दीचे व्यवस्थापन
बालमजुरी