मठाधिपतींच्या परसातील निंदणी

ख्रिस्ती मठांचा इतिहास सांगावयास बसले की बहुधा ग्रंथालये, हस्तलिखिते आणि घंटेच्या नादावर चालणारी प्रार्थना यांचीच वर्णने होतात. त्याच भिंतींच्या आड कांद्या-मुळ्याचे वाफे होते, शेणखताचे ढीग होते आणि मातीत हात घालून तण उपटणारे संन्यासीही होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका संन्याशाचा परिचय करून देऊ इच्छितो. ते विद्वान होते, राजपुत्राचे गुरू होते आणि पुढे मठाधिपतीही झाले. सुमारे बाराशे वर्षांपूर्वी आपल्या दारासमोर माजलेल्या तणाशी आपण कसे झुंजलो, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

त्यांचे नाव वालाफ्रिड. डोळ्यांतील दोषामुळे त्यांना 'स्ट्राबो', म्हणजे तिरळा, असे उपनाव पडले आणि तेच इतिहासात रूढ झाले. आजच्या जर्मनीच्या दक्षिण सीमेवरील कॉन्स्टन्स सरोवरात रायखेनाऊ नावाचे लहानसे बेट आहे. संत पिर्मिन यांनी इ. स. ७२४ मध्ये तेथे मठ स्थापन केला. गरीब घरातील वालाफ्रिड बालपणीच या मठात आले, पुढे फुल्डा येथे राबानुस माऊरुस या थोर पंडितांच्या हाताखाली शिकले आणि ८२९ मध्ये सम्राट लुई यांच्या दरबारी धाकटे राजपुत्र चार्ल्स यांचे शिक्षक झाले. ८३८ मध्ये ते रायखेनाऊचे मठाधिपती झाले.

हा मठ संत बेनेडिक्ट यांच्या नियमानुसार चाले. ६ व्या शतकात लिहिलेल्या या नियमात आळसाला आत्म्याचा वैरी मानले असून दिवसाचा काही भाग अंगमेहनतीसाठी राखून ठेवला आहे. पाणी, पिठाची चक्की आणि बाग या गोष्टी शक्यतो मठाच्या आवारातच असाव्यात, असेही त्यात सांगितले आहे. म्हणजे भाजीचा मळा हा मठाच्या जीवनाचाच एक भाग होता. याची साक्ष देणारा एक आराखडा आजही सेंट गॉल येथील ग्रंथालयात जपून ठेवलेला आहे. ९ व्या शतकाच्या पूर्वार्धात रायखेनाऊ येथेच चर्मपत्रावर काढलेल्या या आराखड्यात भाजीच्या मळ्याचे १८ वाफे दाखवले असून प्रत्येक वाफ्यावर त्यातील पिकाचे नाव लिहिले आहे. कांदा, लसूण, मुळा, कोथिंबीर, शेपू, कोबी ही आपल्या स्वयंपाकघरातील ओळखीची मंडळीही त्यात आहेत. शेजारी माळ्याचे घर आहे आणि त्यात अवजारे व बियाणे ठेवण्याची स्वतंत्र सोय आहे. एका वाफ्यात एकच पीक असले की परके रोप चटकन नजरेत भरते आणि निंदणी सोपी होते, हे ज्याने खुरपे धरले आहे त्याला सांगावयास नको.

वालाफ्रिड यांनी आपल्या बागेवर लॅटिन भाषेत ४४४ ओळींचे एक काव्य रचले. 'हॉर्टुलुस', म्हणजे 'छोटी बाग', या नावाने ते ओळखले जाते. त्यात २३ वनस्पतींची वर्णने आहेत. परंतु आरंभ होतो तो तणापासून. आपले हे ज्ञान केवळ ऐकीव गोष्टींतून वा जुन्या ग्रंथांतून आलेले नाही, स्वतः राबून आपण ते मिळवले आहे, असे कवी प्रारंभीच बजावतात. हाताला घट्टे पडतील म्हणून कचरणाऱ्याचे आणि खत पसरण्याची लाज बाळगणाऱ्याचे हे काम नव्हे, असा त्यांचा रोख आहे.

हिवाळा सरला आणि वसंताची चाहूल लागली, तेव्हा त्यांच्या पूर्वाभिमुख दारापुढील जमीन नेटल नावाच्या तणाने व्यापून टाकली होती. थंड प्रदेशातील हे रोप आपल्याकडील खाजकुयलीप्रमाणेच अंगाची आग आग करते. त्याच्या पानांवर व देठांवर काचेसारखे ठिसूळ, पोकळ केस असतात. स्पर्श होताच ते मोडून टोचतात आणि दाहक रस कातडीत शिरतो. मनुष्यवस्तीजवळची खतावलेली, कसदार माती या रोपाला विशेष मानवते. तेव्हा दारात नेटल माजले, याचा एक अर्थ असा की तेथील माती उत्तम होती, फक्त तिच्याकडे कोणी पाहिले नव्हते. ओसाड पडलेली सुपीक भूमी रिकामी राहत नाही. आपण पेरले नाही, तर दुसरे काहीतरी तेथे उगवते.

वालाफ्रिड वरवरचा पाला छाटून थांबले नाहीत. जमिनीखाली त्या तणाची मुळे एकमेकांत अशी गुंतली होती की त्यांना तबेल्यात अंथरलेल्या विणीच्या तट्ट्या आठवल्या. आपण कुडाच्या भिंतीतील कामट्या डोळ्यांपुढे आणाव्यात. नेटलचे पिवळे कंद-मूळ आडवे धावते आणि त्याचा लहानसा तुकडा मातीत राहिला तरी त्यातून नवे रोप फुटते. म्हणून त्यांनी कुदळ घेतली, ढेकळे फोडली, चिचुंदरीसारख्या प्राण्यांची बिळे मोडली, गांडुळे उजेडात आली, आणि मुळांची ती वीण उसवून काढली. मोकळ्या झालेल्या मातीला त्यांनी वारा व ऊन लागू दिले. मग वाफ्यांच्या कडेला फळ्या बसवून माती थोडी उंच केली, म्हणजे ती वाहून जाऊ नये. दाताळ्याने ती भुसभुशीत केली, कुजलेले खत मिसळले आणि त्यानंतरच बी पेरले. पाऊस लांबला तर ते स्वतः पाणी वाहून आणत आणि ओंजळीतून थेंब थेंब सोडत. जोराच्या धारेने बी जागचे हलू नये, ही त्यामागील काळजी.

आपल्या परसातील लव्हाळ्याची कथा याहून निराळी नाही. वरचे पाते उपटले की काम झाल्यासारखे वाटते. परंतु खाली गाठींची माळच असते. पाते तुटते, गाठी राहतात आणि आठवड्याभरात हिरवे टोक पुन्हा वर येते. ओल्या, मऊ मातीत खोल जाऊन गाठींसह तो काढणे, पेरणीपूर्वी हे काम उरकणे, आणि जे तण बियांपासून उगवते ते फुलावर येण्याआधीच उपटणे, या तीन गोष्टींना आजही पर्याय नाही. मातीत पडलेले तणाचे बी कित्येक वर्षे जिवंत राहू शकते. म्हणून जाणते माळी वाफा तयार केल्यावर लगेच पेरत नाहीत. पाणी शिंपडून काही दिवस थांबतात, तणाची पहिली उगवण वर येऊ देतात, ती खुरप्याने हलकेच खरवडतात आणि मग भाजीचे बी टाकतात.

येथे श्रद्धावंताच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायातील दाखला आपल्या परिचयाचा आहे. शेतात गहू पेरलेला असताना वैरी रात्री येऊन निदण पेरून जातो. चाकर ते उपटू पाहतात, पण धनी त्यांना आवरतो आणि कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्यावयास सांगतो. आपल्या मराठी बायबलमधील हा 'निदण' शब्द निंदणे या क्रियापदाच्याच कुळातला आहे. मग प्रभूने ज्याला हात लावू दिला नाही, तेच काम हे संन्यासी इतक्या आवेशाने कसे करीत होते?

आम्हांस वाटते, याचे उत्तर वेळेत आहे. पॅलेस्टाईनमधील ते निदण ओंब्या येईपर्यंत हुबेहूब गव्हासारखे दिसते. शिवाय दाखल्यात बी पेरून झाले आहे आणि मुळे एकमेकांत गुंतली आहेत. घाईने तण ओढले तर गहूही निघून येईल. वालाफ्रिड यांच्या वाफ्यात अद्याप काहीही पेरलेले नव्हते. पेरणीपूर्वी निर्दयपणे खणावे आणि पेरणीनंतर हात जपून चालवावा, हाच माळ्याचा विवेक. प्रभूने स्वतःच उलगडून सांगितल्याप्रमाणे दाखल्यातील शेत म्हणजे जग होय. संत ऑगस्टीन यांनी ५ व्या शतकाच्या आरंभी डोनॅटिस्ट पंथीयांशी वाद करताना याच दाखल्याचा आधार घेतला. ख्रिस्तसभा केवळ निर्दोष माणसांचीच असावी असा ज्यांचा आग्रह होता, त्यांना त्यांनी कापणीची वाट पाहण्यास सांगितले. माणसांच्या जगातील निंदणी देवाची आहे. आपल्या वाट्याला आले आहे ते आपले स्वतःचे अंगण.

वालाफ्रिड यांना हा भेद अनुभवाने ठाऊक असावा. त्यांच्या काव्यात सेज नावाच्या झुडपाविषयी एक मार्मिक निरीक्षण आहे. या झुडपाचे नवे कोंब वेळीच खुडले नाहीत, तर ते जुन्या खोडालाच मारतात, आणि या दोषाला ते गृहकलहाची उपमा देतात. सम्राट लुई यांच्याविरुद्ध त्यांच्याच पुत्रांनी ८३० आणि ८३३ मध्ये बंड केले होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही उपमा केवळ झाडाविषयीची वाटणार नाही. ८४० मध्ये लुई यांचे निधन झाले, भावाभावांत युद्ध पेटले आणि वालाफ्रिड यांना मठ सोडून श्पायर येथे आश्रय घ्यावा लागला. ८४२ मध्ये ते परतले. पुढे ८४९ मध्ये, आपले एकेकाळचे शिष्य राजे चार्ल्स यांच्याकडे शिष्टाईसाठी गेले असता, लुआर नदीत त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे चाळीस वर्षांच्या आसपास होते. साम्राज्यातील तण त्यांच्याने निघाले नाही. मात्र दारापुढील वाफे त्यांनी स्वच्छ केले. त्या वाफ्यांचे काव्य गुलाब आणि लिली यांपाशी संपते: एक रक्तसाक्ष्यांच्या रक्ताची खूण, दुसरी निर्मळ श्रद्धेची.

युनेस्कोने २००० साली रायखेनाऊ बेटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तेथे आजही भाजीपाला पिकतो. आपल्याकडे अंगणे लहान होत चालली आहेत. पुष्कळांच्या वाट्याला गच्चीवरील चार कुंड्याच उरल्या आहेत. तरीही मुलांच्या हाती एखादे खुरपे द्यावे आणि कोणते रोप ठेवावयाचे व कोणते काढावयाचे, हे त्यांच्याशेजारी बसून दाखवावे. मोठ्या मठाच्या प्रमुखालाही या कामात कमीपणा वाटला नाही. तण पुन्हा येईलच. आपणही पुन्हा खाली बसावयाचे, एवढेच.