मोगली एरंडाचा जनुकसंच

शेताच्या बांधावर कुंपण म्हणून लावला जाणारा मोगली एरंड आपल्या परिचयाचा आहे. तो विषारी असल्याने गुरे त्याला तोंड लावत नाहीत. हे झाड मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतले. पोर्तुगीजांनी ते आफ्रिका आणि आशियात आणले. १७५३ साली लिनियसने त्याला 'जट्रोफा कर्कस' असे नाव दिले.

त्याच्या बियांच्या तेलापासून बायोडिझेल बनते. म्हणून २००३ साली योजना आयोगाच्या समितीने पहिल्या टप्प्यात ४ लाख हेक्टरांवर लागवड सुचवली. त्याचा जनुकसंच किती मोठा, याचे नेमके मोजमाप मात्र ब्राझीलमध्ये २००८ साली प्रसिद्ध झाले.

हे मोजमाप कसे करतात? पानांतील पेशीकेंद्रके सुटी करून त्यांना डीएनएला चिकटणारा, चकाकणारा रंग देतात आणि ती एकेक करून लेसर किरणासमोरून नेतात. डीएनए जितका जास्त, तितकी चकाकी जास्त. माहितीच्या वनस्पतीशी, येथे टोमॅटोशी, तुलना करून वजन काढतात. ते आले ०.८५ पिकोग्रॅम. (पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग.) पेशीत २२ गुणसूत्रे, म्हणजे ११ चे दोन संच असतात, एका संचाचे वजन ०.४२५ पिकोग्रॅम. एका पिकोग्रॅममध्ये सुमारे ९७.८ कोटी बेस-जोड्या असतात. गुणाकार केला की उत्तर येते ४१.६ कोटी. माणसाच्या जनुकसंचाच्या हे जेमतेम एक सप्तमांश!

२०१० साली जपानच्या काझुसा संस्थेने यातील २८.६ कोटी जोड्यांचा क्रम वाचला व ४०,९२९ जनुकांचा अंदाज दिला. २०१५ साली चिनी शास्त्रज्ञांनी ३२ कोटी जोड्या जुळवल्या, तेव्हा हा आकडा २७,१७२ वर आला. क्रम तुटक असला की एकच जनुक दोनदा मोजला जाऊ शकतो. पुन्हापुन्हा येणारे सारखे भाग जोडणे तर फारच अवघड.

खरी अडचण मात्र वेगळीच होती. भारतातील झाडे आनुवंशिकदृष्ट्या एकमेकांसारखीच असल्याचे २००७ मध्ये दिसून आले होते. विविधता, अगदी बिनविषारी वाणसुद्धा, मेक्सिकोत होती. विविधताच नसेल तर निवड कशातून करणार? शेतात उत्पन्न अपेक्षेहून फार कमी आले. २०१७ पर्यंत २० टक्के जैवइंधन मिसळण्याचे २००९ च्या धोरणातील उद्दिष्टही गाठता आले नाही.

पिकाची ओळख लागवडीआधी व्हायला हवी, नंतर नव्हे. येथे क्रम उलटा झाला आणि त्याची किंमत जमिनीने व शेतकऱ्याने मोजली.