बागेतला माळी, पडद्यावरचा पाटील

रंगभूमीचा इतिहास लिहिणारे नटाच्या पगाराकडे सहसा पाहत नाहीत. निळू फुले यांच्या बाबतीत मात्र तेथूनच आरंभ केला पाहिजे. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात ते माळीकाम करीत. पगार ८० रुपये; त्यांतले १० राष्ट्र सेवा दलाला.

सेवा दलाच्या कलापथकात तमाशाच्या जुन्या साच्यात चालू राजकारण ओतलेले असे. समोरच्या माणसाचा चेहरा वाचून पुढचे वाक्य टाकायचे, ही विद्या तेथली. जर्मनीत कॅबरेवाले अशीच सत्तेची टर उडवीत. १९३३ साली हिटलर आला आणि त्यांच्यावर टाच आली. आपल्याकडे वगाला निदान बोलू दिले गेले.

‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने निळूभाऊंचे नाव झाले. १९६८ साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ने त्यांना पडद्यावर आणले. १९७२ साली रंगभूमीवर तेंडुलकरांचा सखाराम बाईंडर त्यांनी उभा केला.

पण खरा कस लागला तो जब्बार पटेलांच्या ‘सामना’त. हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. त्यातले हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे साखर कारखान्याच्या जोरावर मुलूख मुठीत ठेवणारे पुढारी. समोर मारुती कांबळेचा माग काढणारे डॉ. लागूंचे मास्तर. निळूभाऊंचा पाटील उगीच ओरडत नाही. वाटाघाटीच्या टेबलाशी तीस वर्षे बसून मला एवढे कळले आहे की, मालक ओरडू लागला म्हणजे तो नरमला. आवाज खाली आणला की आपण सावध व्हावे. माळ्याने ही खालची पट्टी खालूनच ऐकलेली असणार.

खेड्यांतल्या बायका त्यांना पाहून शिव्या घालीत. ती आपल्या कामाची पावती, असे निळूभाऊ मानीत. मला त्यात थोडी खंत वाटते. शिव्या माळ्याला मिळाल्या, मते चेअरमनलाच पडत राहिली.

१९७९ च्या ‘सिंहासन’मध्ये ते सत्तेचा खेळ पाहणारे पत्रकार दिगू टिपणीस झाले. त्यात कामगार पुढारीही आहे, आणि तो आम्हाला फारसा सुखावणारा नाही! पुढे हिंदीत १९८४ च्या ‘सारांश’मध्ये पुन्हा पुढारीच.

१३ जुलै २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावे म्हणून उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी त्यांनी डॉ. लागूंबरोबर गावोगाव ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले होते.