भाऊबंद : दोन सॅक्सोफोन आणि बेळगावच्या दोन पेट्या

आम्हा गोंयकारांचं बेळगावशी नातं तसं भाजीचं. चोर्ला घाट उतरून येणारे टेंपो एक दिवस आले नाहीत तर आमच्या बाजारात मिरची-कोथिंबिरीचे भाव आभाळाला भिडतात. लग्न ठरलं की साड्यांसाठी बेळगाव, मोठं दुखणं आलं की इस्पितळासाठी बेळगाव. मुक्तिलढ्याच्या दिवसांत तर कितीतरी गोमंतकीय कार्यकर्त्यांनी घाटापलीकडच्या या गावातूनच काम केलं. पण आज लिहायचंय ते बेळगावच्या पेटीविषयी. आणि तिथपर्यंत जायचंय ते जरा लांबच्या वाटेने, न्यूयॉर्कवरून. तेवढा वळसा वाचकांनी सोसावा.

६ जानेवारी १९६१ ची रात्र. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत मिंटन्स प्लेहाऊस नावाचा एक क्लब. १९४० च्या दशकात याच जागी थेलोनियस मंक आणि मंडळींनी जॅझची बीबॉप ही नवी चाल घडवली होती. त्या रात्री तिथे दोन टेनर सॅक्सोफोनवाले शेजारी शेजारी उभे होते. एक शिकागोचा जॉनी ग्रिफिन आणि दुसरा एडी डेव्हिस, ज्याला सगळे ‘लॉकजॉ’ म्हणत. मागे पियानो, बास आणि ड्रम्स. प्रेस्टिज कंपनीने ती सगळी रात्र ध्वनिमुद्रित केली आणि त्यातून एक नव्हे, अनेक तबकड्या निघाल्या.

तेच वाद्य, तीच जात, तीच पट्टी. तरीही डोळे मिटून ऐकलं तरी कोण कुठला ते कळतं. ग्रिफिनचे स्वर पावसाच्या सरीसारखे, एकामागून एक, मोजायला उसंत न देणारे. डेव्हिसचा आवाज रुंद, खरखरीत, बोलताना मध्येच गुरगुरणारा. एक थांबतो तिथून दुसरा उचलतो. अमेरिकेत अशा सामन्याला टेनरची लढाई म्हणण्याची रीत आहे. १९४७ साली डेक्स्टर गॉर्डन आणि वॉर्डेल ग्रे यांनी ‘द चेस’ नावाची तबकडी केली तेव्हापासून तर हा प्रकार फारच लोकप्रिय झाला. ‘चेस’ म्हणजे पाठलाग. नावातच चुरस!

पण नीट ऐकलं की लक्षात येतं, लढाई हे जाहिरातीतलं नाव. दोन सारखीच वाद्यं एकत्र आली की लपायला जागा नसते. गायकामागचा वादक त्याच्या आडोशाला उभा राहू शकतो. इथे तसं नाही. दुसऱ्याचं बोलणं पुरतं ऐकल्याशिवाय स्वतःला काय बोलायचं तेच कळत नाही. आपल्याकडे याला जुगलबंदी म्हणतात, आणि आपल्या या शब्दातही बघा, ‘जुगल’ म्हणजे जोडी आहे; भांडण कुठेच नाही.

आता न्यूयॉर्कहून परत आपल्या बाजूला येऊ.

कर्नाटकाच्या किनाऱ्यावर, मंगळुराकडे, कद्री गोपालनाथ नावाचे एक थोर कलावंत होऊन गेले. जन्म १९४९ चा, निधन ऑक्टोबर २०१९ मध्ये. वडील नादस्वर वाजवीत. मुलाने म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि त्या पितळी वाद्यात कर्नाटक संगीत भरायचं असं मनाशी घेतलं. गमक, स्वरांमधली घसरण, आंदोलन, हे सगळं फुंकर, ओठ आणि बोटं यांच्या ताब्यातून काढायला त्यांनी वर्षानुवर्षं घालवली. १९८० साली ते मुंबईच्या जॅझ यात्रेत वाजवून गेले, १९९४ साली लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात. २००८ साली अमेरिकेत वाढलेल्या रुद्रेश महंतप्पा या जॅझवाल्याबरोबर त्यांची एक ध्वनिमुद्रिका निघाली. दोघांच्या हाती ऑल्टो सॅक्सोफोन. ए. कन्याकुमारी यांचं व्हायोलिन, मृदंग, गिटार, बास, ड्रम्स. नाव ‘किन्समेन’. मराठीत सरळ सांगायचं तर भाऊबंद.

हा शब्द मराठीत उच्चारला की त्याच्या शेपटीला लगेच ‘की’ लागते. भाऊबंदकी! वाडवडिलांच्या जमिनीचा बांध, कोर्टातली तारीख, एकाच अंगणातल्या दोन चुली. आणि बेळगाव-निपाणीचं नाव घेतलं की मराठी माणसाला आधी हेच आठवतं. १ नोव्हेंबर १९५६ ची भाषावार पुनर्रचना, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा. १ नोव्हेंबर २०१४ पासून गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं. मराठी घरात ते बेळगावच आहे. या वादात लोकांनी मार खाल्लाय, प्राणही गेलेत. तेव्हा त्यावर गाण्याची फुंकर घालून ‘कला सीमा मानत नाही’ छापाचं वाक्य लिहायचा माझा विचार नाही. ते वाक्य सोपं आहे आणि खोटंही. मी फक्त याच पट्ट्यातली दुसरी एक नोंद समोर ठेवतोय.

मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर. जन्म १८४३, गाव गुर्लहोसूर, जिल्हा बेळगाव. १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं तेव्हा मराठी माणसाला स्वतःचं गाणं सापडलं, आणि ते देणारा माणूस आला कन्नड मुलखातल्या गावातून. पुढे नाटक कंपन्यांची बिऱ्हाडं कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, हुबळी, धारवाड या एकाच रस्त्यावरून वर-खाली होत राहिली. सावंतवाडीकडचे रामकृष्णबुवा वझे बेळगावात राहिले. आमच्या केरीच्या केसरबाई केरकर काही काळ त्यांच्याकडे शिकल्या, मंगेशीचे दीनानाथही त्यांच्याकडून शिकले. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ सालचा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. घरची भाषा कन्नड.

या सगळ्या गाण्यांच्या मागे, रंगमंचाच्या कडेला किंवा गायकाच्या डाव्या हाताला, एक वस्तू कायम होती. पेटी.

पेटी आणि सॅक्सोफोन ही खरी चुलत भावंडं. दोन्ही युरोपातली, दोन्ही पॅरिसला लागून एकाच काळात जन्मलेली. अलेक्झांद्र दबँने १८४० च्या सुमारास हार्मोनियमचा हक्क नोंदवला, अॅडॉल्फ सॅक्सने १८४६ साली सॅक्सोफोनचा. दोन्हींत हवेने पाती थरथरतात. पेटीत धातूची, सॅक्सोफोनात बोरूची. एक भाऊ लष्करी बँडमध्ये भरती झाला, दुसरा मिशनऱ्यांबरोबर चर्चमध्ये गेला. दोघेही बोटीने हिंदुस्थानात उतरले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी पायाने भाता मारायची पेटी हातभात्याची केली आणि ती जमिनीवर मांडी घालून बसली. मग ती आपलीच झाली. गोव्यात देवळातलं भजन असो, काला असो, पेटीवाचून पान हलत नाही.

तरीही तिच्यावर ‘बाहेरची’ हा शिक्का होताच. जॉन फोल्ड्स या रेडिओवरच्या इंग्रज संगीतकाराने १९३८ साली तिच्यावर सडकून टीका केली. रवींद्रनाथांनाही ती नावडती. आक्षेप खोटे नव्हते. पेटीचे स्वर ठरलेले, त्यांच्यामधली जागा रिकामी; मींड नाही, श्रुती नाहीत. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी झाली. गंमत पाहा, वाद्य विलायती म्हणून दोष देणारा विलायती आणि बंदी घालणारं खातंही विलायती सरकारचंच! स्वातंत्र्य आलं, इंग्रज गेले, बंदी राहिली. १९७१ मध्ये ती सैल झाली तीही साथीपुरती. एकट्या पेटीचा कार्यक्रम करायला पुढेही अडसर राहिलाच.

आता हे आकडे एका माणसाच्या आयुष्यावर ठेवून पाहू. पंडित रामभाऊ विजापुरे, जन्म १९१७, गाव कागवाड. नकाशा काढून बघा, मिरजेपासून हाकेच्या अंतरावर, पण बेळगाव जिल्ह्यात. घर कन्नड. पेटी शिकले, शिवाय रामकृष्णबुवा वझे, शिवरामबुवा वझे आणि कागलकरबुवा यांच्याकडून गाणंही घेतलं. बंदी आली तेव्हा ते २३ वर्षांचे, सैल झाली तेव्हा ५४ चे. उमेदीची ३१ वर्षं देशातल्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावर त्यांच्या वाद्याला मज्जाव. बेळगावात मैफलीची साथ आणि शिकवणी हीच दोन दारं उघडी होती, आणि त्यांनी दोन्ही दारं सताड उघडी ठेवली. श्रीराम संगीत महाविद्यालयात पिढ्या घडवल्या. मराठी, कन्नड, कोंकणी, ज्या घरातून मूल आलं त्या घरच्या भाषेत. २०१० साली ते गेले तेव्हा त्यांचे शिष्य दूरदूरच्या गावांत पेटी वाजवीत होते.

गाणं शिकलेल्या पेटीवाल्याची बोटं वेगळी चालतात, हे जाणकार सांगतात. मींड पेटीत नाही हे खरं, पण गायक कुठे श्वास घेतो, शब्द कुठे सोडतो, कुठल्या स्वराला नुसता स्पर्श करून परततो, हे ज्याच्या गळ्यात आहे तो त्या रिकाम्या जागेचा भास उभा करतो. भात्याचा दाब कमी-जास्त करून आवाजाला फुगवटा देतो. कद्रींनी सॅक्सोफोनात जे केलं तेच हे, फक्त वाद्य अधिक हट्टी. आमच्या बोरीचे पंडित तुळशीदास बोरकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, यांची पेटी ज्यांनी ऐकलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

साथ करणारं वाद्य वयात आलं हे कधी समजावं? माझं मत असं की ते एकटं वाजायला लागतं तेव्हा निम्मं समजावं. पुरतं समजतं ते एकाच मंचावर तशीच दोन वाद्यं बसली आणि लोक शेवटपर्यंत उठले नाहीत तेव्हा. कारण मग वाद्याचं नवल संपलेलं असतं. ऐकायचा असतो तो माणूस. मिंटन्समध्ये सॅक्सोफोनचं ते झालं. बेळगावात रामभाऊंच्याच परंपरेतले डॉ. सुधांशू कुलकर्णी आणि त्यांचे चिरंजीव सारंग कुलकर्णी यांनी पेटीची जुगलबंदी मंचावर आणली. बाप-लेक, दोघांसमोर पेट्या.

तुम्ही म्हणाल, दोन पेट्यांत वेगळं ते काय ऐकायचं? सुरुवात तिथेच आहे. सतार-सरोद कार्यक्रमाआधी खुंटी पिळून जुळवता येतात. पेटीचा सूर पातं घासून कारागिराने लावलेला असतो. मंचावर बसल्यावर त्यात काही करता येत नाही. म्हणून दोन पेट्या आधीच एकमेकींशी जुळवलेल्या असाव्या लागतात. नाहीतर ‘सा’ लागताच लाटेसारखी एक थरथर ऐकू येते आणि सगळी मैफल नासते. म्हणजे भांडायला बसण्याआधी समेट झालेला हवा. एवढं झालं की मग वेगळं काय ते बोटं सांगतात. एक तान टाकतो, दुसरा तीच उलटी करून परत देतो. एक बोलतो तेव्हा दुसऱ्याने भाता धरून नुसता षड्ज द्यायचा असतो, आणि माझ्या मते या खेळात कठीण आहे ते हेच.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारी आणि बेळगावच्या छावणीतला लष्करी बँड यांच्यामध्ये हा सगळा इतिहास पसरलेला आहे. पेटी कुणाची, पॅरिसची, कलकत्त्याची, मराठी नाटकाची की कागवाडच्या कन्नड घराची? कोर्टाने निकाल द्यायचा म्हटला तर ती तारीख पडतच राहील. ज्याने तीस वर्षं बंदीतही ती सोडली नाही त्याची, एवढं मी म्हणेन.

पुढच्या खेपेला साडी-भाजीसाठी घाट चढाल तेव्हा बेळगावातल्या एखाद्या संध्याकाळच्या पेटीच्या कार्यक्रमाची चौकशी जरूर करा. आणि घरी परत आल्यावर मिंटन्समधली ती रात्रही ऐका. आधी पेटी, मग सॅक्सोफोन. भाऊबंद ओळखू येतात की नाही, ते मला कळवा.