वाक्यपृथक्करणाची कुळकथा

मॅट्रिकच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलांच्या कित्येक पिढ्यांनी पट्टीने रेघा आखून, मुख्य वाक्य कोणते, गौण कोणते, आणि गौण असल्यास ते नामाचे काम करते, विशेषणाचे करते की क्रियाविशेषणाचे, याचा जाबजबाब ज्या कोष्टकात नोंदविला, ते वाक्यपृथक्करणाचे कोष्टक इंग्रजी भाषेइतकेच पुरातन असावे अशी आपल्याकडे सर्रास समजूत आहे. वस्तुतः त्याचे वय दोनशे वर्षांच्या आतबाहेरचे असून त्याचा जनक इंग्रजही नव्हे.

अठराव्या शतकातील इंग्रज वैयाकरणांचे लक्ष वाक्यापेक्षा शब्दावर अधिक होते. लॅटिनच्या शिरस्त्याप्रमाणे एकेक शब्द उचलावा, त्याची जात, वचन, विभक्ती सांगावी आणि पुढच्या शब्दाकडे वळावे, ही त्यांची रीत. अमेरिका सोडून यॉर्कजवळ स्थायिक झालेला वकील लिंडले मरे याने तेथील मुलींच्या शाळेसाठी सिद्ध केलेले व्याकरण 1795 मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे अर्धशतक त्याचा अंमल इंग्रजी शाळांवर चालला. पण मरेला वाक्यांचे प्रकार दोनच ठाऊक होते, साधे आणि संयुक्त. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचे व्याकरण इंग्रजी व्याकरणांच्या वळणावर रचले, तेव्हा त्यांच्यासमोर जे इंग्रजी व्याकरण होते ते हे, मिश्रवाक्याची फोड करण्यापूर्वीचे.

ती फोड केली कार्ल फर्डिनांड बेकर याने. हा गृहस्थ पेशाने वैद्य. फ्रँकफुर्टशेजारच्या ओफेनबाख गावी राहून त्याने 1827 मध्ये भाषा ही सेंद्रिय, सजीव रचना आहे असे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला. शरीरात प्रत्येक इंद्रियाचे एक कार्य असते, तसे वाक्यातील प्रत्येक अंगाचे असते. आणि जे कार्य एखादे नाम, विशेषण वा क्रियाविशेषण करते, तेच कार्य एक संपूर्ण वाक्यही करू शकते, असा त्याचा सिद्धान्त होता. गौणवाक्यांची सुप्रसिद्ध त्रयी येथूनच निघाली. इंग्लंडात ती आणली जे. डी. मॉरेल या सरकारी शाळातपासनिसाने, 1852 च्या आपल्या पुस्तकात, आणि तीही बेकरचे ऋण पुस्तकाच्या नावातच कबूल करून. तपासनिसाच्या हातून आलेली ही विद्या परीक्षेच्या फार सोयीची निघाली: उत्तर चौकटीत मांडता येते, गुण मोजून देता येतात.

परीक्षकांची आवडती खोच अशी असे. ‘आय नो व्हेन ही केम’ यातील शेवटचे तीन शब्द नामवाक्य, कारण ते ‘नो’चे कर्म आहेत, ‘आय रिमेंबर द डे व्हेन ही केम’ यात तेच तीन शब्द ‘डे’चे विशेषण झाले, आणि ‘आय लेफ्ट व्हेन ही केम’ यात ते क्रियेची वेळ सांगू लागले. शब्द तेच, क्रम तोच, जात मात्र तीनदा पालटली. ‘व्हेन दिसले की क्रियाविशेषणवाक्य’ असे घोकून आलेला विद्यार्थी येथे हमखास गारद होई आणि ज्याने अर्थ लावला तो तरे. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या पद्धतीला पुष्कळ माफ करावयास तयार आहे.

हिंदुस्थानात तिची घडी बसविणाऱ्यांत जे. सी. नेसफील्ड हे प्रमुख. वायव्य प्रांत व अयोध्या येथील शिक्षणखात्याच्या प्रमुखपदापर्यंत पोचलेल्या या साहेबांनी 1885 मध्ये तेथील जातिव्यवस्थेवरही एक पुस्तिका लिहिली आणि जात ही केवळ व्यवसायावरून ठरली, असा आग्रह धरला. शब्दाची जात त्याच्या कामावरून ठरवावी, असे शिकविणाऱ्या वैयाकरणाने माणसांनाही तोच मापदंड लावावा, हे मौजेचे आहे. पण शब्दाला काम पालटता येते, ही सवलत त्या दुसऱ्या प्रकरणात कोणी कोणास दिली नव्हती. नेसफील्डच्या मागून आले पी. सी. रेन, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीच्या हायस्कुलाचे हेडमास्तर. फ्रेंच परकीय पलटणीवरील ‘बो जेस्ट’ या 1924 च्या कादंबरीने विलायतेत त्यांचे नाव झाले. इकडे मात्र ते मार्टिन यांच्या जोडीने लिहिलेल्या व्याकरणामुळे घरोघरी पोचले.

या पद्धतीत उणीव नाही असे नाही. ‘ही केम लेट, व्हिच अॅनॉइड मी’ हे वाक्य घ्यावे. यातील ‘व्हिच’ कोणत्याही एका नामाकडे बोट दाखवीत नाही, तो उशिरा येण्याच्या संबंध घटनेकडे दाखवितो. त्यामुळे विशेषणवाक्य म्हणावे तर विशेष्य सापडत नाही, आणि उरलेले दोन कप्पे तर त्याहून परके. 1985 साली रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या तिघा सहकाऱ्यांनी इंग्रजीचे जे विस्तृत व्याकरण प्रसिद्ध केले, त्यात अशा वाक्यांना स्वतंत्र स्थान दिले आहे. शिवाय क्रियापदाला कर्म, पूरक वा क्रियाविशेषण यांपैकी कशाकशाची गरज लागते हे पाहून वाक्यरचनेचे सात मूळ साचे तेथे मांडले आहेत. आपल्या शाळांतून बेकरची त्रयी काढून टाकावी असे मी म्हणणार नाही, कारण लांबलचक इंग्रजी वाक्याचे अंग आणि उपांग ओळखण्याचे तिच्याइतके सुटसुटीत साधन दुसरे नाही. परीक्षकांस विनंती एवढीच, की तीन कप्प्यांत न मावणारे वाक्य प्रश्नपत्रिकेत घालू नये, आणि घातलेच तर त्यापायी मुलाचे गुण कापू नयेत.