ब्रिटनमधील खाजगी नौका आणि तांबड्या डिझेलचा करविवाद

शेती, मासेमारी आदी व्यवसायांसाठी सवलतीच्या करात मिळणारे डिझेल ओळखता यावे म्हणून ब्रिटनमध्ये त्यात तांबडा रंग मिसळतात. खाजगी सहलनौकांनाही ते मिळत असे. युरोपीय संघाच्या २००३ च्या ऊर्जाकर निर्देशातील ही मुभा २००६ अखेर संपली आणि १ नोव्हेंबर २००८ पासून नौका चालविण्याच्या डिझेलवर पूर्ण कर लागू झाला.

खरी अडचण टाकीची होती. इंग्लंडच्या कालव्यांवरील अरुंद नौका हे अनेकांचे घरच. एकाच टाकीतील डिझेल इंजिनालाही लागे आणि उबेलाही. तेव्हा वापराचे प्रमाण मालकानेच विक्रेत्याकडे जाहीर करावे, असे ठरले. साठ टक्के चालन, चाळीस टक्के इतर वापर ही विभागणी सर्रास मान्य होई. मार्च २०११ नंतर पूर्ण कर लिटरमागे ५७.९५ पेन्स व सवलतीचा ११.१४ पेन्स होता, हे पाहता हा विश्वास थोडा नव्हे.

१७ ऑक्टोबर २०१८ रोजी युरोपीय न्यायालयाने ही व्यवस्था नियमबाह्य ठरविली. पूर्ण कर भरला असला तरी चालनासाठी रंगीत इंधन वापरू देता येणार नाही, असा निर्णयाचा आशय होता. लहान विक्रेत्यांना दुसरी टाकी परवडणार नाही, हा ब्रिटनचा व्यवहार्य युक्तिवाद टिकला नाही. तथापि रंग ही तपासणीची खूण असल्याने न्यायालयाची भूमिका तर्कशुद्धच म्हणावी लागते.

पुढे ब्रिटन संघाबाहेर पडले. १ ऑक्टोबर २०२१ पासून उत्तर आयर्लंडमध्ये सहलनौकांच्या चालनासाठी तांबडे डिझेल बंद झाले. ग्रेट ब्रिटनमध्ये मात्र जाहीर विभागणीची जुनी पद्धत २०२२ च्या फेररचनेनंतरही राहिली.