सही कोणाची?



ऑपरेशनच्या आधी दवाखान्यात एक कागद पुढे येतो. आपल्याकडे त्यावर पुष्कळदा नवऱ्याची, सासऱ्याची नाहीतर भावाची सही होते. जिचं ऑपरेशन, ती खाटेवर गप्प पडलेली असते. डॉक्टरांनी कोणाला सांगायचं, कोणाला विचारायचं, याची रीत देशादेशांत वेगळी आहे. पण ती कुठेही कायमची नाही. ती बदलावी म्हणून बायका कोर्टाची पायरी चढल्या. त्यातल्या तिघींची हकीकत आज सांगते.

पहिली अमेरिकेची. १९०८ साली मेरी श्लोएनडॉर्फ ही बाई पोटाच्या तक्रारीसाठी न्यूयॉर्कच्या एका दवाखान्यात गेली. डॉक्टरांना गाठ लागली. ‘भूल देऊन फक्त तपासा, ऑपरेशन नको,’ असं बजावलं होतं, असं तिचं म्हणणं. शुद्धीवर आली तेव्हा गाठ काढून झाली होती. पुढे तिचा हात बिघडला, काही बोटं कापावी लागली. १९१४ साली ती खटला हरली, कारण धर्मादाय दवाखान्यावर तेव्हा जबाबदारी येत नव्हती. पण त्याच निकालात न्यायमूर्ती कार्डोझो यांनी लिहून ठेवलं की, सज्ञान आणि भानावर असलेल्या माणसाच्या शरीराचं काय करायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. हे वचन आजही कोर्टात सांगितलं जातं.

दुसरी स्कॉटलंडची. ब्रिटनमध्ये १९५७ च्या एका निकालापासून, रुग्णाला किती सांगायचं ते डॉक्टर मंडळींच्या रीतीवर सोडलेलं होतं. नादीन माँटगोमेरी अंगाने लहानखुरी होती आणि तिला मधुमेह होता. अशा १०० बाळंतिणींमध्ये नऊ-दहा जणींच्या बाळाचे खांदे अडकतात. डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं नाही. सांगितलं तर बायका सीझरच मागतील, असं त्यांना वाटे. १९९९ साली बाळंतपणात खांदे अडकले आणि बाळाला कायमचं अपंगत्व आलं. खालच्या कोर्टांत ती हरली, पण २०१५ साली सुप्रीम कोर्टात जिंकली. धोका कोणता आणि दुसरा उपाय कोणता, हे बाईला सांगायलाच हवं, असं कोर्ट म्हणालं.

तिसरी आपल्या देशातली, दिल्लीची. १९९५ साली ४४ वर्षांची एक अविवाहित बाई अंगावरून जास्त जातं म्हणून दवाखान्यात गेली. दुर्बिणीने तपासायला तिने होकार दिला. ती भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि तिची गर्भपिशवी आणि अंडाशय काढले. २००८ साली आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, तपासणीला दिलेला होकार म्हणजे ऑपरेशनला होकार नव्हे. जिवाला तातडीचा धोका नसेल, तर बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं; सज्ञान बाईच्या वतीने आईची सही चालत नाही.

तिघींची दुखणी वेगळी, पण फरक नीट पाहा. अमेरिकेत नको म्हणूनही केलं. ब्रिटनमध्ये मुद्दाम सांगितलं नाही. आपल्याकडे विचारलं, पण दुसऱ्यालाच. माहिती किती द्यायची, याबाबत आपल्या कोर्टाने २००८ साली ब्रिटनचीच जुनी रीत जवळची मानली. इथले पुष्कळ रुग्ण गरीब आहेत, डॉक्टरांच्या शब्दावर चालतात, हेही कोर्टाने लिहिलं. ती रीत ब्रिटनने सात वर्षांनी सोडली.

हा प्रश्न आपल्या दारातला आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यांतल्या कितीजणींना दुसरा उपाय सांगितला असेल?

डॉक्टरांवर विश्वास ठेवू नका, असं मी म्हणत नाही. विचारलं म्हणजे अविश्वास दाखवला, असं होत नाही. मला काय झालंय? औषधाने भागेल का? काय काढणार, काय ठेवणार? थांबलं तर काय होईल? एवढं विचारा. कागद वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून घ्या, गटातली एखादी सोबत न्या. आणि मग सही असो की अंगठा, तो तुमचा असू द्या.